पन्नाशीनंतर कलावर्ग लावावा का? नाशिकमधल्या सार्वजनिक वर्गांत विद्यार्थ्यांना येणारा अनुभव

प्रश्न: माझं वय 52. घर इंदिरानगरला, नोकरी नाशिकमध्येच. शाळेत असताना चित्रकलेच्या इंटरमिजिएटपर्यंतच्या परीक्षा दिल्या, त्यानंतर ब्रश हातात धरला नाही. जवळच्या एका सार्वजनिक संस्थेत शनिवार-रविवार जलरंगाचे आणि मातीकामाचे वर्ग चालतात. सगळ्या वयाची माणसं एकाच खोलीत बसतात म्हणे. असा वर्ग लावलेल्यांचा अनुभव कसा असतो? या वयात हात वळतो का? लहान मुलांच्या शेजारी बसायला संकोच वाटतो. आणि दहा वर्षांच्या भाचीला सोबत न्यावं का?

उत्तर:

हात वळतो, ती शंका मनातून काढून टाका. मी एटीडी, म्हणजे कलाशिक्षकाची पदविका करून आधी शाळेत कलाशिक्षिका होते आणि आता कित्येक वर्षं अशाच एका संस्थेत जलरंग शिकवते. मातीकामाचा वर्ग शेजारच्या खोलीत भरतो, तिथेही रोजचं जाणं-येणं असतं. पन्नाशीत, साठीत, सत्तरीत पहिल्यांदा ब्रश धरलेली माणसं मी शिकताना पाहिली आहेत. चष्म्याचा नंबर बदलतो, खांदा दुखतो, फार वेळ उभं राहवत नाही, हे सगळं होतं. पण रेघ ओढायला आणि रंग पसरायला लागणारा हात सरावाने तयार होतो आणि त्याला वयाची फारशी अडचण येत नाही.

"अनुभव कसा असतो" हा तुमचा प्रश्न मात्र मोठा आहे. पहिल्या महिन्यात येणारा अनुभव आणि तिसऱ्या महिन्यात येणारा अनुभव यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो. वर्ग सोडणारी बहुतेक मंडळी तिसऱ्या-चौथ्या महिन्यात सोडतात. सोडताना सांगतात ती कारणं वेळेची, घरची, ऑफिसच्या कामाची असतात. खरं कारण बहुधा चित्रात असतं. ते आधीच माहीत असेल तर तुम्ही टिकाल, म्हणून मी त्यावरच जास्त लिहिते.

आधी खोलीत कोण कोण असतं ते सांगते, म्हणजे संकोच थोडा कमी होईल. नाशिकरोडच्या नोटा छापणाऱ्या सरकारी प्रेसमधून निवृत्त झालेले, उभी नोकरी बारीक छपाईच्या सान्निध्यात काढलेले गृहस्थ असतात. सातपूर-अंबडच्या कारखान्यांतून पहिली पाळी करून डबा घेऊन थेट वर्गाला येणारे असतात. आर्किटेक्चरच्या प्रवेशासाठी नाटा परीक्षेची तयारी करणारी मुलं-मुली असतात. मुलं मोठी झाल्यावर पहिल्यांदा स्वतःसाठी वेळ काढलेल्या बायका असतात, आणि आमच्याकडे तरी त्यांची संख्या सगळ्यांत जास्त आहे. निफाड-पिंपळगावकडचे एखाद-दोन द्राक्षबागायतदारही असतात. एप्रिलच्या खरडछाटणीला आणि ऑक्टोबरच्या गोडीछाटणीला ते दिसेनासे होतात, ते आम्ही धरूनच चालतो. पण परत आल्यावर त्यांनी काढलेली वेल बघण्यासारखी असते. काडी कुठून फुटते, घडाच्या वजनाने कुठे वाकते, पान देठाशी कसं वळतं, हे त्यांना आधीच ठाऊक असतं. कागदावर मात्र ते उतरायला वेळ लागतो आणि त्यांनाही तिसऱ्या महिन्यातून जावंच लागतं.

अशा खोलीत 52 वर्षांच्या बाईकडे कुणी वळूनसुद्धा बघत नाही. लहान मुलांचं म्हणाल, तर ती तुमच्या चित्रात फार तर पाच मिनिटं रस घेतात. "काकू, तुमचं झाड वाकडं का आहे?" असा एखादा प्रश्न विचारतात आणि आपल्या कागदाकडे वळतात. पुष्कळदा प्रश्न अगदी बरोबर असतो, ते झाड खरंच विनाकारण वाकडं झालेलं असतं. मोठी माणसं एकमेकांना दुखवायचं नाही म्हणून जे बोलत नाहीत ते मुलं बोलतात, आणि ऐकणाऱ्याला त्यातून शिकायला मिळतं. पहिल्या दोन रविवारांनंतर संकोच वाटतो असं सांगणारी व्यक्ती मला अजून भेटायची आहे.

आता पहिला महिना. यात जवळपास सगळ्यांनाच आनंद होतो. आम्ही पाटीवर कागद चिकटवतो, पाटीचं वरचं टोक विटेवर किंवा डब्यावर टेकवून थोडा उतार देतो आणि एक सपाट वॉश, म्हणजे पातळ रंगाचा एकसारखा थर द्यायला लावतो. भरपूर रंग कालवायचा, ब्रश भरून घ्यायचा, डावीकडून उजवीकडे एक पट्टा ओढायचा. पट्ट्याच्या खालच्या कडेला रंगीत पाण्याची एक ओळ साचते, तिला ब्रशने पकडून पुढच्या पट्ट्यात न्यायचं आणि तसंच खालपर्यंत उतरायचं. शेवटी साचलेलं पाणी पिळलेल्या ब्रशने टिपायचं. ब्रश ठेवून द्यायचा. सगळ्यांत अवघड जाते ती ही शेवटची पायरी. वॉश अर्धवट सुकत असतो, त्यात कुठेतरी एक फिका ठिपका दिसतो आणि हात शिवशिवतो. ओला ब्रश पुन्हा आत गेला की पाणी रंगाला बाजूला ढकलतं आणि दातेरी कडेचा डाग उठतो. मग तो डाग पुसायला आणखी पाणी, आणि बघता बघता आकाशाचं वाटोळं. हे सगळ्यांचं होतं, इंजिनिअरचं होतं आणि डॉक्टरचंही होतं. पण पहिल्या महिन्यात त्याचं वाईट वाटत नाही, कारण कुणाच्याच मनात अजून अपेक्षा नसते. रंग पाण्यात आपोआप पसरताना पाहूनच माणसं खूश असतात.

दुसऱ्या महिन्यात वस्तुचित्र येतं. तांब्या, पेला, दोन लिंबं, मागे घडी पडलेलं कापड. इथे नजर कामाला लागते. तांब्याचं तोंड गोल असतं हे आपल्याला माहीत असतं, म्हणून हात ते जरा जास्तच गोल काढतो. तांब्या टेबलावर सपाट बसतो हेही माहीत असतं, म्हणून त्याच्या तळाची रेघ सरळ येते. प्रत्यक्षात डोळ्यांच्या पातळीखाली ठेवलेल्या तांब्याचं तोंड चपट्या लंबगोलासारखं दिसतं, आणि तळ डोळ्यांपासून आणखी खाली असल्याने त्याची वक्ररेषा तोंडापेक्षा जास्त बाकदार दिसते. शिक्षकाने हे शंभरदा सांगितलं तरी कळत नाही. बसून, एक डोळा मिटून, पेन्सिल हात लांब करून समोर धरून मोजत गेलं की हळूहळू दिसायला लागतं. ज्या रविवारी ते दिसतं त्या रविवारी माणूस घरी जाताना रस्त्यावरची प्रत्येक बादली आणि पिंप निरखत जातो. हे मला विद्यार्थ्यांनीच सांगितलंय.

आणि इथूनच तिसरा महिना सुरू होतो. दिसायला लागलेलं असतं, पण हाताला अजून तेवढं येत नसतं. महिन्याभरापूर्वी काढलेल्या ज्या चित्रावर घरच्यांनी वाहवा केली, व्हॉट्सॲपवर टाकलं, तेच चित्र आता चुकांनी भरलेलं वाटतं. नवं चित्र काढायला घ्यावं तर त्यातल्या चुका काढता काढताच दिसतात. माणसाला वाटतं, आपलं काम बिघडत चाललंय, सुरुवातीला जमत होतं तेही आता जमेनासं झालं, आपल्यात ते नाहीच. खरं तर हात आहे तिथेच असतो, किंबहुना थोडा सुधारलेलाच असतो, फक्त नजर त्याच्या चार पावलं पुढे निघून गेलेली असते. हा काळ साधारण दोन-तीन महिने टिकतो. त्यात माणसं रविवार चुकवायला लागतात, मग "पुढच्या महिन्यापासून येते मॅडम" असा निरोप येतो आणि मग निरोपही येत नाही. मला याचं फार वाईट वाटतं, कारण यातल्या कित्येकांची नजर उत्तम तयार झालेली असते. तिथपर्यंत येण्याचं अवघड काम त्यांनी केलेलं असतं, थांबतात ते नेमके फळ हाताशी आल्यावर.

घरी व्हिडिओ बघून शिकणं आणि सार्वजनिक वर्गात बसून शिकणं यांतला सगळ्यांत मोठा फरक याच काळात कळतो. घरी तुम्ही आणि तुमचं बिघडलेलं चित्र, एवढंच असतं. वर्गात डावीकडे गेल्या आठवड्यात आलेली मुलगी तांब्याचा तळ सरळ काढत असते, आणि दोन महिन्यांपूर्वी आपण तेच करत होतो हे तुमच्या लक्षात येतं. उजवीकडे दोन वर्षं येणारे काका असतात. त्यांनी तुमच्यासारखेच चार कागद फाडलेले असतात आणि ते त्यांना आठवत असतं. वर्गाच्या शेवटी सगळ्यांची चित्रं भिंतीवर ओळीने लावली जातात आणि प्रत्येकावर दोन-दोन वाक्यं बोलली जातात. आपली चूक आपल्या कागदावर दिसायला फार अवघड असते, दुसऱ्याच्या कागदावर लगेच दिसते, आणि तिथे एकदा दिसली की आपल्यातही सापडते. म्हणून संस्था निवडताना हे एक नक्की विचारा: चित्रं भिंतीवर लावून त्यांवर चर्चा होते का? होत नसेल तर खोलीत वीस माणसं असली तरी तुम्ही एकट्याच शिकत असता.

दुसरी गोष्ट जुने कागद सांभाळण्याची. प्रत्येक कागदाच्या मागे तारीख लिहा आणि एकही फेकू नका, अगदी वाटोळं झालेलाही नाही. तिसऱ्या महिन्यात कुणी खचलेलं दिसलं की मी पहिले चार कागद आणि शेवटचे चार कागद टेबलावर शेजारी-शेजारी मांडायला सांगते. मला फारसं बोलावं लागत नाही.

तिसरी गोष्ट मी जरा आवाज चढवून सांगणार आहे. काही ठिकाणी शिक्षक विद्यार्थ्याच्या कागदावर स्वतःचा ब्रश चालवतात. चित्र अडलं की येतात, चार फटकारे मारतात, चित्र उठून दिसतं, विद्यार्थी खूश, पालक त्याहून खूश. अशा वर्गातून आलेले विद्यार्थी माझ्याकडे येतात तेव्हा सुंदर दिसणाऱ्या चित्रांची जाड फाइल सोबत असते, आणि कोरा कागद समोर ठेवला की त्यांचा हात उचलत नाही. त्या फाइलमधला कुठला फटकारा आपला आणि कुठला सरांचा, हे त्यांनाही सांगता येत नाही. दाखवायचंच असेल तर शिक्षकाने शेजारी वेगळ्या तुकड्यावर दाखवावं. तुम्ही प्रवेश घेण्याआधी एक वर्ग मागे बसून बघण्याची परवानगी मागा. चांगली संस्था ती आनंदाने देते. शिक्षकाचा ब्रश कुणाच्या कागदावर जातो, एवढंच बघा, बाकी सगळं त्यावरून कळेल.

नाशिकमध्ये शिकण्याचा मोठा लाभ म्हणजे बाहेर बसून काम करायला मिळणाऱ्या जागा. चित्रकार शिवाजी तुपे यांच्या जलरंगांनी गोदाघाट महाराष्ट्रभर पोचवला, आणि आजही रविवारी सकाळी घाटावर कुणी ना कुणी पाटी मांडीवर घेऊन बसलेलं दिसतं. विद्यार्थ्यांना सुरुवातीला बाहेर बसायची भीती वाटते, लोक मागे उभे राहतात म्हणून. लोक उभे राहतात हे खरंच आहे. फुलं विकणारी मावशी येऊन बघते, पोरं येतात, दशक्रियेला आलेली मंडळीही क्षणभर थांबतात. त्यांच्या दुःखाच्या वेळी आपण तिथे असतो याचं भान ठेवून आम्ही विधी चालतात त्या भागापासून दूर बसतो. ही शिस्त सगळ्यांनी पाळावी असं मला मनापासून वाटतं.

घाटावर पहिल्यांदा नेलं की सगळे नारोशंकराचं मंदिर काढायला घेतात आणि सगळेच अडकतात. 1747 सालचं ते मंदिर, शिखरावर केवढं कोरीवकाम! विद्यार्थी प्रत्येक नक्षी काढत बसतो, तासाभरात शिखराचा एक कोपरा होतो, तेवढ्यात ऊन फिरतं आणि सावल्या जागा बदलतात. म्हणून आम्ही वीस मिनिटांचं बंधन घालतो. डोळे किलकिले करायचे म्हणजे बारकावे नाहीसे होतात आणि उजेडाचा व सावलीचा मोठा आकार तेवढा उरतो. तो आधी मांडायचा, आणि नक्षी जिथे उजेड-सावली भेटतात तिथे चार ठिकाणी सुचवायची. बघणाऱ्याचा डोळा बाकीची स्वतः भरून घेतो.

काळाराम मंदिराच्या दगडाचंही सांगायला हवं, कारण रंगाबद्दलची सगळ्यांत मोठी शिकवण मला वाटतं तिथे मिळते. दगड काळा, म्हणून विद्यार्थी ट्यूबमधला काळा रंग घेतात आणि चित्रात एक मेलेलं भोक पडतं. सकाळी पूर्व दरवाजाच्या बाजूला उभं राहून नीट बघा. उन्हातला बेसाल्ट उबदार तपकिरीकडे झुकतो आणि सावलीतला निळसर होतो, वरून आकाशाचा उजेड पडतो ना त्यामुळे. अल्ट्रामरीन निळा आणि बर्न्ट सिएना एकत्र केले की खोल, जिवंत काळा मिळतो. निळा वाढवला की सावली, सिएना वाढवला की ऊन. दोन रंगांत सगळी भिंत होते. आमच्याकडे दुसऱ्या वर्षाला आलेल्या कुणाच्याही पेटीत काळ्याची ट्यूब सापडली तर ती न उघडलेली असते.

पावसाळ्यात घाटावरचे वर्ग बंद. गोदापात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला कुठवर पाणी आलं यावरून आपण नाशिककर पूर मोजतो, तेव्हा त्या दिवसांत पाटी घेऊन तिथे जायचं नसतं. आणि पावसाळ्याचा परिणाम खोलीतल्या चित्रांवरही होतो, ते नव्या विद्यार्थ्यांच्या लक्षात येत नाही. मे महिन्यात नाशिकच्या कोरड्या उष्ण हवेत वॉश ब्रशच्या मागे-मागे सुकत येतो, पट्ट्यांचे जोड दिसतात. तोच विद्यार्थी जुलैमध्ये तोच वॉश देतो तर कागद पाऊण तास ओलाच राहतो, दुसरा थर घाईने दिला की सगळं एकमेकांत मिसळतं. दोन्ही वेळा त्याला वाटतं की आपलाच हात बिघडला. उन्हाळ्यात कागद मागूनही ओला करून घ्या आणि रंग नेहमीपेक्षा जास्त कालवा. पावसाळ्यात दोन कागद आलटून पालटून रंगवा, एक सुकेपर्यंत दुसरा. जलरंग सुरू करायला सगळ्यांत सोयीचे महिने नोव्हेंबर ते फेब्रुवारी. तुम्हाला निवडता येत असेल तर दिवाळीनंतर प्रवेश घ्या, तिसरा-चौथा महिना चांगल्या हवेत येईल.

साहित्यावर थोडक्यात. नवखे लोक रंगांवर पैसा घालवतात आणि कागदावर वाचवतात. उलट करा. पातळ ड्रॉइंग शीटवर पाणी पडलं की ती फुगून वर येते आणि वॉश खळग्यांत साचतो, त्यात तुमचा काही दोष नसतो. 300 जीएसएमचा (म्हणजे चांगला जाड) सुती कागद महाग वाटतो, पण 22 बाय 30 इंचांच्या एका पूर्ण तावाचे आठ तुकडे होतात आणि शिकायला तेवढा आकार पुरतो. पाठपोट वापरला तर सोळा चित्रं. रंग विद्यार्थी दर्जाचे चालतील, सहा-सात ट्यूब पुरे. ब्रश दोन: एक मोठा गोल, टोक नीट जुळणारा, आणि एक इंची चपटा. बारीक ब्रश पहिल्या सहा महिन्यांत घेऊच नका. तो हातात आला की माणूस पापण्या आणि पानं काढायला लागतो.

मातीकामाबद्दल विचारलंत. तिथला अनुभव जलरंगापेक्षा वेगळा आहे. जलरंगात चूक लगेच दिसते, मातीत ती आठवड्याने दिसते. विद्यार्थी सुंदर हत्ती करून ठेवतो, पुढच्या रविवारी येऊन बघतो तर पायाच्या सांध्यात चीर गेलेली. कारण बहुतेक वेळा एकच असतं: पोट जाड, पाय बारीक. माती सुकताना आकसते. बारीक भाग आधी सुकतो आणि आकसतो, जाड भाग आतून ओला असल्याने तेवढा आकसत नाही, आणि ताण सांध्यावर येतो. त्यातून पाय नुसता दाबून चिकटवला असेल तर विचारायलाच नको. दोन्ही बाजूंना आडव्या-उभ्या रेघांनी खरवडायचं, त्यावर पातळ कालवलेली माती लावायची आणि मग दाबून बसवायचं. पोट आतून कोरून सगळीकडे सारखी जाडी ठेवायची. वस्तू प्लास्टिकखाली झाकून सावकाश सुकू द्यायची. भट्टीत जायच्या आधी ती आतपर्यंत कोरडी हवी, कारण शंभर अंशांच्या पुढे आत राहिलेल्या पाण्याची वाफ होते आणि वस्तू फुटते, फुटताना शेजारच्यांच्याही वस्तू घेऊन जाते. एकाच भट्टीत सगळ्यांचं काम असतं, त्यामुळे मातीच्या वर्गात माणसं एकमेकांच्या कामाची फार काळजी घेतात. "काकांचा माठ अजून गार लागतोय हाताला, पुढच्या भट्टीला ठेवू" असं तिथे सहज कानावर पडतं. ओल्या वस्तूचा स्पर्श गार लागतो, ही खूण सगळे पहिल्या महिन्यातच शिकतात.

गणपतीच्या आधी शाडूच्या मूर्तींची शिबिरं होतात, त्यांना खूप गर्दी असते. कुटुंबाने एकत्र करायला ते छान आहे, पण एका दिवसाच्या शिबिरावरून मातीकाम आपल्याला जमेल की नाही हे ठरवू नका. शाडू भाजायचा नसतो, बहुतेक ठिकाणी साचा असतो किंवा हात धरून करून घेतात. तीन महिन्यांच्या वर्गात माती तुम्हाला मळावी लागते, तोडावी लागते, परत मळावी लागते. मनगट दुखत असेल तर कुंभाराच्या चाकावर लगेच बसू नका, आधी हाताने वळलेल्या वळकट्यांचं भांडं करा.

आता विद्यार्थी स्वतः काय सांगतात ते. मी वर्षाच्या शेवटी सगळ्यांशी निवांत बोलते. चित्र सुधारलं, रंग कळायला लागले, हे सगळे सांगतातच. पण बायका सगळ्यांत आधी वेळेबद्दल बोलतात. दोन तास कुणी हाक मारत नाही, गॅसवर काही नसतं, फोन पिशवीत असतो. एकीने सांगितलं की लग्नानंतर पंचवीस वर्षांत तिने सलग दोन तास एकच काम केलं असं पहिल्यांदा झालं. मला हे ऐकून नेहमी भरून येतं, आणि म्हणूनच मी वर्गाच्या वेळात फोनला परवानगी देत नाही, कितीही कुरकुर झाली तरी. निवृत्त पुरुष बहुतेक ओळखींबद्दल बोलतात. नोकरी संपल्यावर नवीन माणूस भेटायचं बंद झालेलं असतं, इथे विशीतली मुलं त्यांना "काका, हा हिरवा कसा केला?" असं विचारतात. कारखान्यातून येणारे तरुण म्हणतात की दिवसभर ठरलेल्या मापात काम केल्यावर इथे माप आपलं आपण ठरवायचं असतं, त्याची सुरुवातीला भीतीच वाटते.

तक्रारीही असतात आणि त्या रास्त असतात. खोलीत उजेड कमी पडतो, एकाच तुकडीत जास्त माणसं घेतली जातात, बेसिन एकच असल्याने पाणी बदलायला रांग लागते, दोन जिने चढून जावं लागतं. सार्वजनिक संस्था कमी शुल्कात चालतात, तेव्हा यातलं काही सोसावं लागेल. उजेडाच्या बाबतीत मात्र तडजोड करू नका. पिवळ्या दिव्याखाली कालवलेला रंग दिवसा वेगळाच दिसतो. सकाळची तुकडी मिळत असेल तर तीच घ्या.

वर्षअखेरीच्या प्रदर्शनाला तुमचं एक तरी चित्र लावाच. आपलं चित्र आपल्यापासून दहा फुटांवर, चौकटीत, अनोळखी माणसांच्या गर्दीत टांगलेलं बघणं हा वेगळाच अनुभव असतो. टेबलावर वाकून काढताना न दिसलेल्या गोष्टी तिथून दिसतात, चांगल्याही आणि वाईटही. विक्रीची अपेक्षा ठेवून किंमत लावू नका. कुणी मागितलंच तर चौकटीचा आणि कागदाचा खर्च धरून सांगा. आणि नातेवाईक "हुबेहूब फोटोसारखं आहे" म्हणाले तर त्यांच्या प्रेमाचा मान ठेवा, पण पुढच्या चित्राचं ध्येय ते धरू नका.

शेवटी भाचीचं. दहा वर्षांच्या मुलीला जरूर आणा. पालकांची घाई असते ती एलिमेंटरी-इंटरमिजिएटची, कारण इंटरमिजिएटच्या श्रेणीवर दहावीला वाढीव गुण मिळतात: अ श्रेणीला 7, ब ला 5, क ला 3. या परीक्षा चांगल्याच आहेत. स्मरणचित्रामुळे, म्हणजे आठवणीतून काढायच्या चित्रामुळे, मुलं रस्त्यावर बघायला शिकतात आणि कर्तव्यभूमितीने, म्हणजे पट्टी-कंपासने आकृत्या काढण्याने, हाताला नेमकेपणा येतो. पण भाचीला त्या परीक्षांना अजून अवकाश आहे. आत्ता तिला मोठे कागद, भरपूर रंग आणि माती द्या. परीक्षेचे नमुने घोकून घेणाऱ्या वर्गात तिला इतक्या लवकर घालू नका. तिथे सगळ्या मुलांच्या स्मरणचित्रात तोच फुगेवाला आणि तीच बाग दिसायला लागते.

वर्गात मात्र तिला तुमच्या शेजारी बसवू नका. मधे निदान दोन टेबलं असू द्या. शेजारी बसली की तुम्ही तिचा कागद सरळ करणार, पाणी सांडेल म्हणून भांडं सरकवणार, आणि तुमचा निम्मा वर्ग त्यात जाणार. ती तिच्या मैत्रिणी शोधेल. घरी जाताना रिक्षात दोघींनी एकमेकींची चित्रं बघा.